खातेदाराच्या मागावर

भिगवण सुटलं की उजनीचं पाणी गाडीच्या खिडकीला लागतं. पुढे जेऊर, कुर्डुवाडी, माढा. आमचं गाव माढा तालुक्यात, सीनेच्या अंगाला, पण मी माढ्याला न उतरता सरळ सोलापूर गाठलं. पणजोबांचा शोध आधी जिल्ह्याच्या कागदांत घ्यायचा आणि मग गावात जायचं, असं ठरलं होतं. घरात त्यांच्याविषयी ठाऊक होतं ते फार थोडं: कोरडवाहू शेती, एक बैलजोडी, आषाढीची वारी. फोटो नाही. आजोबा त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणत, एवढं मात्र मला आठवतं.

मनात होती ती जनगणना. अमेरिकेत ७२ वर्षांनी आणि इंग्लंडात १०० वर्षांनी जुन्या जनगणनेची घरवार पानं लोकांना पाहायला मिळतात. पणजोबा, त्यांची बायको, पोरं, वयं, धंदा, सगळं एका ओळीखाली एक. आपल्याकडे गणना काही कमी निगुतीने झाल्या नाहीत. मुंबई इलाख्याची पहिली मोठी खानेसुमारी २१ फेब्रुवारी १८७२ ला झाली, आणि पुढे १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी एक रात्र ठरवून सगळा मुलूख मोजला गेला. १९०१ पासून प्रत्येक माणसाची वेगळी चिठ्ठी करायची पद्धत आली. चिठ्ठ्या वर्गवार लावायच्या, मोजायच्या, बेरजा छापायच्या. बेरजा उरल्या, चिठ्ठ्या गेल्या. त्या बेरजांत माझे पणजोबा आहेत, पण तिथून त्यांना बाहेर काढायची वाट नाही.

तरीही मी आधी बेरजाच वाचल्या. १८७२ ला सोलापूर जिल्ह्यात सात लाखांच्या वर माणसं होती, १८८१ ला ५ लाख ८२ हजार. मधे १८७६-७८ चा दुष्काळ. सव्वा लाखाहून जास्त माणसांची तूट एका जिल्ह्यात. कोणी मेले, कोणी गुरं हाकत निजामाच्या मुलखात गेले, त्यातले सगळे परत आले नाहीत. याच दुष्काळात मजुरांच्या हातून आष्टीचा तलाव उभा राहिला. पणजोबांचे वडील तेव्हा जाणते असणार. खडी फोडायला ते गेले होते का, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्या छापील रकान्यावरून माझं बोट बराच वेळ हललं नाही.

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती. सिद्धेश्वराच्या तळ्याकडचे रस्ते पाळण्यांनी आणि माणसांनी भरलेले. त्या गर्दीतून मी मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरं उघडली, तेव्हापासून त्यांच्या दारात माणसांची रीघ आहे. मलाही त्यांनी पहिलं हेच विचारलं, "दाखल्यासाठी का?" नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग निवांत बसा. घाईच्या माणसाला नुसती जात दिसते, बाकीचं पान तो वाचतच नाही."

त्यांनीच मला १९५१ च्या रजिस्टरची वाट दाखवली. समितीने तपासलेल्या कागदांच्या यादीत 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर सन १९५१' असं एक नाव आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या जनगणनेत फेब्रुवारी १९५१ मध्ये प्रगणक घरोघर फिरले, आणि त्या चिठ्ठ्यांवरून गावोगावची ही रजिस्टरं उतरवली गेली. घरक्रमाने नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, उपजीविका. बेरजेत विरघळण्याआधीचा माणूस कुठे सापडला तर तो इथे.

मग माढ्याला, तालुक्याच्या अभिलेख कक्षात लाल फडक्यातला गठ्ठा सुटला. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली, पण अक्षर कुणा मास्तराचं असावं असं गोल. आमचं घर सापडलं. पणजोबा, वय ६०, शेती. पणजी, वय ५०, घरकाम. आजोबा, वय ३०, शेती. सगळी वयं दहाच्या पाढ्यातली. ज्याला जन्मतारीख नाही तो शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबतो, आणि प्रगणकही तेच लिहून घेतो. मला वयाचं काही वाटलं नाही. वाटलं ते 'घरकाम' या शब्दाचं. त्या जनगणनेत शेतकऱ्यांचे बारकाईने वर्ग केले होते: स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची कसणारे, शेतमजूर आणि न कसता खंड खाणारे. एवढी बारकाई असूनही खुरपणी, काढणी, मळणी करणारी, शेणापासून दुधापर्यंत सगळं उरकणारी बाई शेतीच्या रकान्यात आली नाही. आजी सांगायची, पेरणीत मूठ धरायची ती सासूबाईंनीच, पणजोबा नुसते बैल हाकत.

खरा धक्का दुसऱ्या गठ्ठ्यात होता. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचा. हा मोडीत, त्यामुळे गुरुजींना सोबत आणलं होतं. १९१८ च्या पानांवर आल्यावर ते वाचता वाचता हळू झाले. एरवी महिन्याला जेमतेम एखाददुसरी नोंद असलेल्या त्या गावात ऑक्टोबरात पानामागून पान मृत्यूंचं. कारण प्रत्येक ओळीत तेच: ताप, ताप, ताप. मानमोडीची साथ ती. पहिल्या महायुद्धाबरोबर जगभर पसरलेला इन्फ्लुएंझा मुंबई बंदरातून आत शिरला आणि त्याच वर्षी पाऊसही गेला. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, ती मुख्यतः या साथीने. पुस्तकात हे वाचलेलं होतं. गुरुजींचं बोट मात्र एका ओळीवर थांबलं होतं. माझ्या पणजोबांचं नाव, पुढे 'बायको', पुढे एक नाव जे आमच्या घरात कधी कोणी उच्चारलं नव्हतं. दोन ओळी सोडून एक मूल.

पणजी दुसरेपणाची होती, हे मला त्या पानाने सांगितलं.

मग फेरफाराची पानं आपोआप बोलू लागली. १९१९ मध्ये पणजोबांनी निम्मी जमीन गहाण टाकल्याची नोंद आहे. आजोबांच्या तोंडून मी ऐकलं होतं की "बापानं जमीन घालवली होती." तो ठपका त्या घरावर दोन पिढ्या राहिला. आता तारखा शेजारी ठेवून बघा: पाऊस नाही, घरात पाठोपाठ दोन मृत्यू, रब्बीची पेरणी करायला दुसरा हात नाही, शिवाय सरकारचा सारा. एकट्या तरण्या माणसाने यात काय करायला हवं होतं? जमीन सुटल्याची नोंद १९४३ ची आहे, युद्धात धान्याचे भाव चढले तेव्हाची. चोवीस वर्षं तो माणूस कर्ज उतरवत होता. घालवली नव्हती, सोडवली होती. हे आजोबांना सांगायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

भूमी अभिलेखच्या कागदांत जमीन जितकी तपशिलाने आहे तितका माणूस कुठेच नाही. इंग्रजी अमलात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी बसवलेल्या मोजणीच्या पद्धतीत भारी काळ्या रानात एका बैलजोडीला बारा एकर झेपतात, मध्यम रानात पंधरा, हलक्या माळात वीस, असा हिशेब धरून सर्व्हे नंबर पाडले होते. तेहतीस फुटी साखळीने मोजणी, साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. मग क्लासर मातीची खोली बघायचा, सर्वांत चांगल्या रानाला सोळा आणे धरायचा आणि चुनखड, वाळू, उतार, पाणथळ अशा दोषांपायी आणे कापत जायचा. आमच्या नंबराच्या ईशान्य कोपऱ्याला चुनखडीची खूण आहे.

ती खूण घेऊनच मी गावी गेलो. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे जुना बांध कुठला हे माझ्या चुलत्यांना, तात्यांना, विचारल्याशिवाय कळलं नसतं. तात्यांचा उजनीच्या पाण्यावरचा ऊस एकीकडे, आणि वरच्या अंगाला अजून मालदांडी, हुरड्यात आलेली. कागदावरच्या कोपऱ्याकडे बोट केलं तर तात्या म्हणाले, "तो व्हय? तो पांढरपट्टा. तिथं काय बी कर, पीक पिवळंच पडतंय." वाकून त्यांनी ढेकूळ फोडलं. आत हरभऱ्याएवढे चुन्याचे खडे. दीडशे वर्षांपूर्वी कोण्या क्लासरने खड्डा खणून जे लिहिलं, ते तात्यांच्या बोटांना कागदावाचून ठाऊक होतं.

दुपारी पारावर मी पहिल्या पणजीचं नाव सांगितलं. तात्यांना माहीत नव्हतं. हेळवी दर काही वर्षांनी सुगी झाल्यावर नंदी घेऊन येतो, दारात उभा राहून पंधरा पिढ्या म्हणून दाखवतो, धान्य घेऊन जातो. त्याच्या वहीत तरी ती असेल का? तात्यांनी मान हलवली. वहीत बापाचा मुलगा, त्याचा मुलगा एवढंच. म्हणजे खानेसुमारी, जमिनीचं दप्तर आणि आमचा स्वतःचा हेळवी, तिघांनीही तिला वगळलं. मरणाची नोंद गावाला ठेवावी लागे म्हणून ती एका ओळीपुरती उरली.

तेवढ्यात भाकरी थापता थापता आतून चुलतीचा आवाज आला. तिच्या सासूने एकदा सांगितलं होतं म्हणे, की घरातली कुलदैवताची वाटी "त्या वैरागच्या बाईनं" आणलेली आहे. वैरागची कोण, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

वैराग बार्शी तालुक्यात, माढ्यापासून फार लांब नाही. तिथेही १९१८ च्या आधीचा नमुना १४ असेल, त्यात एखाद्या घरी मुलगी जन्मल्याची नोंद असेल. गुरुजींना फोन केला, ते यायला तयार झाले. वाटी मी फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतली, चुलतीने हुरडा बांधून दिला, आणि तात्या मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले.