आडनावाच्या गावाला जाऊन आले!

मैत्रिणींनो, तुमच्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, माहेरचं आडनाव काय हो? चटकन सांगता आलं? मला नव्हतं आलं. आणि हा प्रश्न मला विचारला कुणी, तर सातासमुद्रापलीकडच्या एका स्कॉटिश आजीबाईंनी!

त्याचं असं झालं. माझ्या नणंदबाई स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला राहतात. किती वर्षं बोलावत होत्या. शेवटी यंदा मे महिन्याच्या सुटीत शाळेच्या पेपरांचे गठ्ठे एकदाचे हातावेगळे केले, सासूबाईंची सोय धाकट्या जावेकडे लावली आणि ह्यांच्याबरोबर निघाले. ताईंच्या शेजारी एक आजी राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण हातात सुया नि लोकर सदैव. त्यांच्या दारावर पाटी होती : इझबिस्टर. असं आडनाव मी कधी ऐकलंही नव्हतं. स्कॉटलंड म्हटलं की आपल्याला 'मॅक' लावलेली नावं माहीत. चहाला बोलावलं तेव्हा मी भीतभीत विचारलंच.

त्यांनी उलट मलाच माझं आडनाव विचारलं. मी सासरचं सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "हे तुझ्या नवऱ्याचं झालं. तुझं काय?"

मी वडिलांचं आडनाव सांगितलं आणि शेवटच्या 'कर'चा अर्थही सांगितला. अमुक गावचा, म्हणून अमुककर. आजींनी सुया खाली ठेवल्या. म्हणाल्या, "अगं, मग तू नि मी एकाच रांगेतल्या! माझं आडनावही गावाचंच आहे. ऑर्कनीला जा, बघून ये."

माझ्या वडिलांच्या आडनावातलं ते गाव मी कधी पाहिलेलं नाही. आजोबांच्या वेळी धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. शिवाय आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. तिघींचीही आडनावं बदलली. गाव पाण्यात गेलं नि नावही आमच्या घरापुरतं बाबांबरोबरच संपायचं. हा सल मनात होताच. म्हणून आजींचं आडनाव ज्या गावाचं, ते तरी डोळ्यांनी बघावं असं वाटलं. ताईंनी गाडी काढली, भाऊजींनी नकाशा काढला आणि आम्ही निघालो.

वाटेवरच पहिली ओळख

ऑर्कनी म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडची सुमारे सत्तर बेटं. वस्ती त्यांतल्या वीसेक बेटांवर, आणि सगळी मिळून माणसं अवघी बावीस हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावीसुद्धा याहून जास्त भरतील! बोट सुटते ती स्क्रॅबस्टर नावाच्या बंदरातून. पाटी वाचली नि मी ताईंना म्हटलं, "हे 'बस्टर' नि आजींचं 'बिस्टर' सारखंच वाटतं, नाही?"

अंदाज खरा निघाला. आठव्या-नवव्या शतकांपासून इथं नॉर्वेकडून लोक आले. त्यांच्या भाषेत शेताला लागून असलेल्या राहत्या वाडीला 'बोलस्टाडर' म्हणत. बोलता बोलता झिजून त्याचं कुठं 'बिस्टर', कुठं 'बस्टर', तर पश्चिमेकडच्या बेटांवर 'बोस्ट' झालं. आपल्याकडे 'वाडी', 'पाडा', 'खुर्द', 'बुद्रुक' यांवरून जसं गावाचं मूळ कळतं, तसंच हे. इझबिस्टर नावाच्या अशा वाड्या ऑर्कनीत एक नाही, तीन आहेत : बर्से, रेंडॉल आणि साउथ रोनाल्डसे या तीन ठिकाणी. त्याहून उत्तरेच्या शेटलंड बेटांवरही त्याच नावाच्या वस्त्या आहेत. तेव्हा सगळे इझबिस्टर एका रक्ताचे असतीलच असं नाही.

बोटीचा प्रवास दीड तासाचा. वाटेत 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' नावाचा सुमारे साडेचारशे फुटांचा तांबूस खडकाचा सुळका समुद्रात एकटाच उभा दिसतो. तो डोळे भरून पाहिला, पण वाऱ्यापुढे माझं काही चाललं नाही. कुणी जाणार असाल तर साडी नेसायचा हट्ट धरू नका, बरं का! सलवार-कमीज, वर जाड स्वेटर, कान झाकणारी टोपी. मे महिन्यातसुद्धा! झाडं जवळजवळ नाहीतच. हिरवी कुरणं, गाई, मेंढ्या, आणि जिकडे पाहावं तिकडे पाणी. रात्री दहा वाजता बाहेर बसून वाचता येईल एवढा उजेड.

हुंड्यात गहाण पडलेली बेटं

ही बेटं स्कॉटलंडची कशी झाली ते ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याची मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्स राजाला द्यायची ठरली. हुंडा ठरला साठ हजार गिल्डरांचा. राजाच्या तिजोरीत एवढं कुठलं असायला! म्हणून 1468 मध्ये त्यानं पन्नास हजारांपोटी ऑर्कनी बेटं गहाण टाकली. उरलेल्या दहा हजारांतले दोनच जमले, तेव्हा 1469 मध्ये आठ हजारांपोटी शेटलंडही गहाण गेलं. मुलगी होती तेरा वर्षांची. गहाण काही सुटलं नाही, आणि 1472 मध्ये बेटं कायमची स्कॉटलंडच्या गादीला जोडली गेली. म्हणजे मुलीच्या बापाची ओढाताण राजेलोकांनाही चुकली नव्हती म्हणायची!

पुढे स्कॉटलंडहून माणसं आली, त्यांची भाषा आली, बेटांवरची जुनी 'नॉर्न' भाषा हळूहळू विरून गेली. राहिली ती वाड्यांची नावं, आणि वाड्यांवरून पडलेली आडनावं. इझबिस्टर, फूबिस्टर, लिंकलेटर, मार्विक, हेडल, क्लाउस्टन ही सगळी तशीच. लिंकलेटर हे मुळात झुडपं उगवलेल्या खडकाचं नाव! पूर्वी तर माणूस एक वाडी सोडून दुसरीवर कसायला गेला की त्याचं नावही बदलायचं. पुढे ती पक्की झाली. आता मला कळलं, ही आडनावं इतकी विरळ का. अहो, दोन-चार घरांच्या वाडीचं नाव ते. किती जणांना पुरणार?

त्या वाडीवर

साउथ रोनाल्डसेची इझबिस्टर वाडी आम्ही पाहिली. मुख्य बेटावरून तिथं मोटारीनं जाता येतं, कारण दुसऱ्या महायुद्धात समुद्रात चार बांध घातले गेले. त्या कामाला इटालियन युद्धकैदी होते. वाडी म्हणजे काय, तर कड्याच्या जवळ थोडी शेतं आणि गोठे. पण या शेतात 1958 मध्ये रोनाल्ड सिमिसन नावाच्या शेतकऱ्याला पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी सापडली! आत माणसांची सुमारे सोळा हजार हाडं होती, आणि त्यांच्यात समुद्री गरुडांचीही. म्हणून तिला गरुडांची समाधी म्हणतात. त्या घरच्या मंडळींनी पुष्कळ वर्षं स्वतःच सगळं जपलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

मी कड्यावर उभी राहिले. तिथं पाहण्यासारखं 'गाव' असं नव्हतंच. तरी मला भरून आलं. आजींच्या आडनावाला टेकायला जमीन आहे, असं मनात आलं.

दुपारी खायला बॅनक मिळाली. इथं 'बेअर' नावाचा जुना जव पिकतो. त्याच्या पिठात थोडी कणीक, खायचा सोडा आणि ताक घालून जाडसर थापतात नि तव्यावर भाजतात. रंग करडा, चव थेट आपल्या नाचणीच्या भाकरीच्या वळणाची. वर लोणी. ह्यांनी तीन खाल्ल्या!

समुद्रापलीकडचे इझबिस्टर

आता गंमत पाहा. एवढंसं हे आडनाव, पण कॅनडात त्याला चांगलीच मुळं फुटली आहेत. स्ट्रॉमनेस बंदरात एक जुनी विहीर दाखवतात. 1670 पासून 1891 पर्यंत हडसन्स बे कंपनीची जहाजं तिथं गोडं पाणी भरून कॅनडाकडे निघत. पाण्याबरोबर माणसंही भरत. ऑर्कनीचे तरुण थंडीला, वल्ह्यांना सरावलेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या तिकडच्या नोकरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ऑर्कनीचे होते. तिकडे त्यांनी क्री आणि इतर मूळ रहिवासी जमातींच्या बायकांशी संसार मांडले. म्हणून आज मॅनिटोबा, सस्काचेवान भागांतल्या मूळ रहिवासी आणि मेटी घराण्यांत इझबिस्टर, लिंकलेटर, फ्लेट ही आडनावं भेटतात. सस्काचेवानातलं प्रिन्स आल्बर्ट शहर आज जिथं आहे, तिथं 1862 मध्ये जेम्स इझबिस्टर यांनी शेती सुरू केली, आणि सुरुवातीला त्या वस्तीला त्यांचंच नाव होतं. म्हणजे वाडीवरून आडनाव आलं आणि आडनावावरून पुन्हा वस्तीचं नाव पडलं!

यांतले अलेक्झांडर केनेडी इझबिस्टर तर मला, शिक्षिका म्हणून, फारच जवळचे वाटले. 1822 मध्ये कॅनडात जन्म, वडील ऑर्कनीचे, आजी क्री जमातीची. लहानपणी शाळेसाठी ऑर्कनीला पाठवलेले. पुढे लंडनमध्ये शाळेचे मुख्याध्यापक झाले, आपल्या मेटी बांधवांची गाऱ्हाणी ब्रिटिश सरकारपुढे मांडत राहिले. 1883 मध्ये वारले तेव्हा आपली ग्रंथसंपदा नि पैसा मॅनिटोबा विद्यापीठाला ठेवला. शिष्यवृत्त्यांसाठी जात-धर्म पाहायचा नाही, मुलगा-मुलगीही पाहायचं नाही, ही त्यांची इच्छा. त्या काळी, विचार करा!

आणि एका बाईनं तर आडनाव उसनं घेतलं. इझाबेल गन ऑर्कनीची. 1806 मध्ये ती पुरुषाच्या वेषात 'जॉन फूबिस्टर' नावानं कंपनीत लागली. पगार वर्षाला आठ पौंड. गड्यांच्या बरोबरीनं होड्या वल्हवल्या, ओझी वाहिली. कुणाला संशय आला नाही. डिसेंबर 1807 मध्ये पेंबिना इथं तिला मुलगा झाला तेव्हाच गुपित फुटलं. मग काय, तिला धोबिणीचं काम दिलं आणि 1809 मध्ये बाळासह परत धाडलं. पुढे स्ट्रॉमनेसमध्ये मोजे विणून तिनं पोट भरलं. 1861 मध्ये ती गेली. पुरुषाच्या नावानं जे काम ती करत होती, तेच बाईच्या नावानं करायला कुणी दिलं नाही.

दगडांवरची नावं

शेवटच्या दिवशी कर्कवॉलला सेंट मॅग्नस चर्च पाहिलं. 1137 मध्ये सुरू झालेलं, तांबड्या-पिवळ्या दगडांचं. बाहेरच्या दफनभूमीत ताई मला दगड वाचून दाखवू लागल्या. वर नवऱ्याचं नाव, खाली 'त्याची पत्नी' आणि तिचं नाव, तेही माहेरच्या आडनावासकट! स्कॉटलंडची ही जुनी रीत. लग्नानंतर व्यवहारात नवऱ्याचं आडनाव लावलं तरी दगडावर, दप्तरात बाईचं जन्माचं आडनाव राहतं. 1855 पासून तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा मृताच्या आईचं माहेरचं आडनाव लिहितात. म्हणूनच तिथं कुणालाही आजी, पणजी, खापरपणजीपर्यंत माग काढता येतो.

मी तिथंच कठड्यावर बसले. आपल्याकडे लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात तेव्हा मी केवढी लाजले होते! ह्यांनी निवडलेलं नाव मला आवडलंही होतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण तांदूळ गोळा केले तसं जुनं नावही कुणीतरी गोळा करून ठेवायला हवं होतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

परत आल्यावर आईला फोन केला. "आई, आजीचं माहेरचं आडनाव काय गं?" आई थबकली. मग म्हणाली, "मामाला विचारून सांगते." दोन दिवसांनी फोन आला. तेही एक 'कर'च निघालं, आणि ते गाव आमच्या गावापासून चारच कोसांवर. ते मात्र पाण्याबाहेर आहे! बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि ट्रंकेतून आजोबांच्या जमिनीचा जुना सातबारा घेऊन आले. घडीवर फाटलेला, पण गावाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. म्हणाले, "तुझ्याकडे ठेव."

तो आता माझ्या कपाटात आहे. शेजारी दोनशे पानी वही. तिच्यात आम्ही तिघी बहिणींनी आई, आजी, पणजी, दोन्हीकडच्या, जेवढ्या आठवतील तेवढ्यांची नावं लिहिली. जन्माचं नाव, लग्नातलं नाव, माहेरचं आडनाव, गाव. सासूबाईंना विचारलं, तर त्या संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत सांगत बसल्या. त्यांचं लग्नाआधीचं नाव इतक्या वर्षांत आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

एवढं तुम्हीही करा, मैत्रिणींनो. त्यासाठी ऑर्कनीला जायला नको. दुपारची झाकपाक झाली की घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईजवळ वही-पेन घेऊन बसा आणि विचारा, "तुमचं माहेरचं नाव काय हो?" आणि हो, आजच विचारा. उद्यावर टाकू नका.