हर्क्युलीसच्या हातात सूत

जोगेश्वरी पूर्वेला राहणाऱ्या माणसाला ग्रीक पुराणकथा परकी वाटण्याचं कारण नाही. सहाव्या शतकात खोदलेल्या इथल्या शैव लेण्यात रावण कैलास हलवू पाहतोय, शिवपार्वतीचं लग्न लागतंय आणि एका शिल्पात दोघं सारीपाट मांडून बसली आहेत. ओलीनं चेहरे पार झिजलेत. मी वर्षानुवर्षं तिथे जायचो तो रावणासाठी. सारीपाटापुढे थांबायला लागलो ते एका फ्रेंच रचनेमुळे.

कामिय सँ-साँसची ‘ऑम्फलीचा चरखा’ १८७१ सालची, जेमतेम आठ मिनिटांची. गायक नाही, शब्द नाहीत. गोष्ट सांगायची ती वाद्यवृंदानं. फ्रान्झ लिस्टनं रूढ केलेला हा सिंफॉनिक पोएम नावाचा प्रकार. लिस्टनं ऑर्फियस आणि प्रॉमिथियस घेतले. सँ-साँसच्या अशा चार रचनांपैकी तीन ग्रीक कथांवर आहेत.

इथली कथा अशी. एका हत्येचं प्रायश्चित्त म्हणून हर्क्युलीस लिडियाच्या राणीचा, ऑम्फलीचा, दास होतो. त्याचं सिंहाचं कातडं ती पांघरते आणि तो बायकी वेषात तिच्या दासींमध्ये बसून सूत काततो. आपल्याला विराटाघरचा बृहन्नडा आठवतो. पण अर्जुनाला त्या वेषानं लपवलं होतं, हर्क्युलीसला तो सगळ्यांसमोर मिरवावा लागतो.

लोकलमध्ये ही रचना ऐकायला जाऊ नये. सुरुवात इतकी हळू आहे की अंधेरी येईपर्यंत गाडीच्या खडखडाटात ती कानावरच पडत नाही. रात्री घरी ऐकली तेव्हा कळलं, म्यूट लावलेली व्हायोलिनं आणि बासऱ्या छोट्या छोट्या गिरक्या एकमेकांकडे टाकत असतात; लय चढत जाते आणि बघता बघता चाक फिरू लागतं. मग खर्जातून एक जड, ओढत चाललेली धून उठते. हर्क्युलीस सुटायला धडपडतोय! तो जोर लावतो, कण्हतो, वाद्यवृंद फुगत जातो, आणि पुढे ओबो तीच धून हलकी, नखरेल करून वाजवतो. राणी त्याची टर उडवतेय. त्याच सुरांतून त्याचं दुःख आणि तिचं हसू काढणं, मला वाटतं, ही या रचनेतली सर्वांत मोठी करामत. शेवटी चाक मंदावतं आणि व्हायोलिनच्या अगदी वरच्या सुरांत विरून जातं.

चरखा हे निमित्त, खरा विषय बळावर दुबळेपणानं केलेली मात, असं सँ-साँसनंच लिहून ठेवलंय. हे वाचल्यावर मी लेण्यात गेलो तो थेट सारीपाटाकडे. पुराणांत या खेळात महादेव पार्वतीकडून हरतात, अंगावरचे अलंकारही गमावून बसतात. पण इथे दास कुणी नाही. हरणारा आणि जिंकणारी एकाच पटाशी बसली आहेत. ऑम्फलीच्या हसण्यात बोचरेपणा आहे. जोगेश्वरीचा शिल्पकार मला जास्त उदार वाटतो.

मुंबईत २००६ पासून ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ आहे, पण त्याचं घर नरिमन पॉइंटला, एनसीपीएत. उपनगरातल्या एखाद्या नाट्यगृहात आधी मराठीत गोष्ट सांगून ही आठ मिनिटं वाजवावीत, असं मला मनापासून वाटतं. श्रोत्यांनी सकाळी लेणं बघून यावं. रावणापाशी थोडं कमी थांबलं तरी चालेल.