एका स्वराची चूक

आमचे चिरंजीव संगणकांच्या सामायिक साठवणीची व्यवस्था पाहतात. कोणत्या सर्व्हरला कोणतें कोठार दिसावें, हें स्विचवर ‘झोन’ आंखून ठरतें. त्यांतील कोणती डिस्क त्यास द्यावी, ही नोंद कोठारावर निराळी. सर्व्हरच्या प्रत्येक जोडणीस १६ अक्षरांचें नांव. पुष्कळदां शेवटचीं अक्षरेंच काय तीं वेगळीं. एके रात्रीं चिरंजीवांनीं एकाची भरलेली डिस्क चुकून दुसऱ्याच्या नांवें नोंदिली. तिकडच्या माणसानें ती कोरी समजून पुसली. दुसरी प्रत होती म्हणून निभावलें.

‘इंद्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्रास मारणारा मागितला असतां इंद्राच्या हातून मरणारा वृत्र उपजला, ही कथा मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. चिरंजीव आतां प्रत्येक नांव सोबत्यास मोठ्यानें वाचून दाखवितात. पाठशाळेची रीत तरी दुसरी कोणती होती?