लिस्बनची वही : पहिला हप्ता

सावंतवाडी. निघायला बारा दिवस.

व्हिसाचा पासपोर्ट काल येणार होता, आला नाही. कुरिअरवाल्याला तीन फोन केले. ताई निवांत आहे. एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी निघालीय, आणि तिची तयारी म्हणजे लोणच्याची एक बरणी आणि गुडघ्यांचा पट्टा.

माझा अभ्यास मात्र महिनाभर चालू आहे. सध्या दाल्गाद. सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गाद हे बार्देशातल्या आसगावचे पाद्री, जन्म १८५५चा. पुढे लिस्बनला संस्कृत शिकवायचे, तिथेच १९२२ला गेले. पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कुठे कुठे जाऊन बसले, याची यादी त्यांनी १९१३च्या पुस्तकात केली. मी त्याचं इंग्रजी भाषांतर घेऊन पेन्सिलीने खुणा करत बसते. आधी स्वयंपाकघर गेलं: बटाटा, कोबी, काजू, अननस, पाव. मग न्हाणीघर: बादली, साबण, पिंप. मग माझी बँकेतली तीस वर्षं: पगार, लिलाव. तुरुंगही त्यांचाच, आणि चावीही.

निघायला पाच दिवस.

पासपोर्ट आला. नाव बरोबर आहे. झोप.

३० ऑक्टोबर. लिस्बन.

मोपा, मुंबई, मध्ये एक विमान बदललं, मग इथे. दोन तास पंचावन्न मिनिटं उशीर. टॅक्सी १८ युरो. ग्रासा नावाच्या टेकडीवर खोली, चौथा मजला, लिफ्ट नाही. ‘टेकडीवर’ हे वाचलं होतं, समजलं नव्हतं. पाणी, दूध, ब्रेड, केळी: ७.४०. कॉफी १.००. न्हाणीघरात बादली नाही, नुसता शॉवर. ताई आंघोळ न करता झोपली.

३१ ऑक्टोबर.

फोनवर दोन महिने भाषा शिकले ती ब्राझीलची निघाली! मी बेकरीत ‘बोम जिया’ म्हटलं. काउंटरवरच्या बाई हसल्या, ‘बों दीअ’ म्हणाल्या आणि इंग्रजीत वळल्या. हे लोक स्वर गिळतात, शेवटच्या ‘स’चा ‘श’ करतात. लिस्बनचं नाव लिश्बोआ. आभार मानताना बाई ‘ओब्रिगाद’ला शेवटी आ लावते, पुरुष उ लावतो. म्हणजे आपण आलो की आले ते आपल्याच तोंडून ठरतं, तसंच. ताईला हे एकदाच सांगितलं, ती एकदाही चुकली नाही.

चढ. उतार. परत चढ. पायाखाली पांढरे-काळे छोटे दगड, झिजून गुळगुळीत झालेले, आणि पाऊस. ताई भिंतीला धरून चालते.

जेवायला बसलो तर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढ्यात. ताईने पाहुणचार समजून सगळं संपवलं. बिलात ५.२० जास्त. ही रीत मी वाचली होती: हात लावला नाही तर पैसे नाहीत. सांगायचं विसरले. एकूण २९.७०. कॉफी १.१०.

१ नोव्हेंबर.

हा दिवस मी ठरवून गाठला होता. १७५५ साली याच तारखेला, सर्व संतांच्या सणाला, सकाळी साडेनऊच्या पुढे भूकंप झाला. चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. छपरं कोसळली. लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले तर समुद्र आत आला, आणि वर त्या मेणबत्त्यांची आग शहरभर काही दिवस जळत राहिली.

आज त्याच वेळी आम्ही कार्मुच्या चौकात बसलो होतो. इथल्या चर्चचं छप्पर तेव्हा पडलं ते पुन्हा घातलंच नाही. बाहेरून नुसत्या कमानी दिसतात, वर आभाळ. खालचा सपाट भाग मंत्री पोंबालने सरळ रेघांत नव्याने बांधून घेतला. घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, त्याला ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. नमुन्याच्या घराभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो हलतो का ते पाहिलं, अशी गोष्ट सांगतात. मी ती ताईला रंगवून सांगत होते. तिचं लक्ष चौकातल्या पोलिसी बरॅकीच्या दाराकडे. “आणि हे काय?”

ते माझ्या वहीत वेगळ्या पानावर होतं. २५ एप्रिल १९७४ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलु कायतानु याच बरॅकीत लपला होता, आणि बाहेर या चौकात चिलखती गाड्या आणि माणसं. संध्याकाळी त्याने हार मानली. गोवा १९६१ला मोकळा झाला, पण पोर्तुगालने ते कागदावर मान्य केलं १९७४च्या अखेरीस, म्हणजे या दिवसानंतर. पत्रादेवीचा नाका आमच्या घरापासून किती जवळ! १९६१च्या बातम्या ताईला आठवतात, मी मांडीवर होते. ती दाराशी जाऊन उभी राहिली. पहारेकऱ्याला “बों दीअ” म्हणाली. त्यानेही म्हटलं.

नाक्यावर भाजलेले चेस्टनट, कागदात बांधून, डझन ३ युरो. ताई म्हणे, आठळ्या. खरंच आठळ्या.

२ नोव्हेंबर.

पाऊस. बस नाही. रिचार्जचं कार्ड ०.५० चं दोघींना दोन. ट्रामची रांग ५० मिनिटं, चढल्यावर उभ्याने. सूप दोन, ६.४०. गुडघे. आंघोळ आजही शॉवरनेच, ताईचं भांडण माझ्याशी.

३ नोव्हेंबर.

बादली मिळाली!

झालं असं की मी ट्रामच्या वेळा बघत होते आणि ताई खाली उतरली. परत येईना. काळजीने गेले तर ती कोपऱ्यावरच्या ‘द्रोगारिया’त. इथे द्रोगारिया म्हणजे झाडू, खिळे, फिनेल, दोऱ्या विकणारं जुनं दुकान. आत निळ्या कोटातले म्हातारे मालक आणि ताई, दोघं काउंटरवर वाकून बोलत होते. भाषा कोणती, देव जाणे. ताईने “बादली” म्हटलं होतं. त्यांनी “बाल्द?” विचारलं. पुढचं सगळं आपोआप झालं असावं. तिने साबणही घेतला, साबण म्हणूनच मागितला. मग मालकांनी फळीवरची एकेक वस्तू दाखवून नाव सांगायला सुरुवात केली, ताई ओळखीचं आलं की हात वर करायची. चावीवर दोघं हसले. फितीवर हसले. मी दाल्गाद वाचून आलेली, दारात छत्री गाळत उभी.

“ही कोण?” असं त्यांनी बहुधा विचारलं. ताई म्हणाली, “माझी भैण. शिकलेली हा.”

बादली ४.५०, साबण १.२०. लाल बादली. ताई म्हणते, दुकानात शिरलं की आधी नमस्कार करायचा आणि थांबायचं, त्याला आपल्याकडे बघायला वेळ द्यायचा. तू घाईने वाक्य फेकतेस.

४ नोव्हेंबर.

बेलेंला गेलो. वास्को द गामा चर्चमध्ये झोपलेला आहे, तो मेला कोचीला, १५२४ला. नदीसमोरच्या चौकात उंच खांबावर आफोंसु द आल्बुकेर्क. हापूस याच्या नावाचा म्हणतात. ताई वर बघून: “कलम चांगला लावल्यान. बाकी काय सांगू नको.” तिथली क्रीमची पेस्ट्री १८३७पासून विकली जाते. आम्ही चार खाल्ल्या. किंमत लिहीत नाही.

चढ.

५ नोव्हेंबर.

दुपारी सुका मासा. बाकाल्याव म्हणजे कॉड. तो इथल्या समुद्रात मिळत नाही, नॉर्वे-आइसलंडकडून येतो आणि तरी राष्ट्रीय जेवण तेच. किराण्याच्या दुकानात फळ्यांसारखे खारवलेले कॉड रचून ठेवलेले. दाराशीच ताई थबकली, नाक वर करून म्हणाली, “हो वास आपलोच गो.” दिवस-दोन दिवस भिजत घालतात, पाणी बदलत राहतात. आम्ही खाल्ला तो बटाट्याच्या बारीक काड्या आणि अंड्यात परतलेला. ताईच्या मते कोकम हवं होतं. माझ्या मते काहीच नको होतं. अजून खाल्ला असता.

रात्री आल्फामात फादु, म्हणजे इथलं गाणं. मी युनेस्कोची यादी, २०११, आमालिया रोद्रिगिश, पोर्तुगीज गिटारीच्या बारा तारा, सगळं पाठ करून गेलेली. दहा टेबलांची खानावळ. दिवे मंद झाले आणि जेवण वाढणंच थांबलं. ताईचा काटा ताटाला लागला तर शेजारच्या टेबलावरून “श्श”. गायला उठली ती आतली स्वयंपाकीण. ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला, शाल घेतली, डोळे मिटले. दहा मिनिटांपूर्वी हिनेच आमचं सूप दिलं होतं. आमच्याकडे दिवसभर शेतात राबणारा माणूस रात्री दशावतारात राजा होतो, तेव्हा त्याला कोणी “अरे” म्हणत नाही. हिलाही इथे कोणी हाक मारली नाही. तीन गाणी. मग ॲप्रन बांधून परत आत, आणि आमचा भात आला, गार झालेला. ताईने तक्रार केली नाही.

६ नोव्हेंबर.

आल्जुबचं संग्रहालय. हुकूमशहा सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, आता २०१५पासून संग्रहालय. एकांतकोठड्या कपाटाच्या खणाएवढ्या. गोवा मुक्तिलढ्यातले आपले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, १९४६, आठ वर्षांची शिक्षा, त्यांना इथून उत्तरेला पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथे जायला बसने दीड-दोन तास लागतात. माझ्या यादीत पेनिश नव्हतंच.

आणखी काही लिहवत नाही.

७ नोव्हेंबर.

पाऊस थांबला. कपडे वाळले. दूध संपलं. द्रोगारियाच्या मालकांनी ताईला फळीमागची जुनी कपड्याची फीत मोजून दिली, पैसे घेतले नाहीत. तिने लोणच्याची बरणी नेऊन दिली. मी तिथे नव्हते.

उद्या ठरलेल्या सिंत्राऐवजी पेनिश. बस साडेआठला. ताईने लाल बादलीत उद्याचे मोजे भिजत घातलेत, वाळतील कसे तिलाच ठाऊक.