आमच्या घरची खेकडा भजी

मागच्या आषाढात आम्ही तिघी बहिणी कल्याणला भावाकडे जमलो होतो. आई त्याच्याकडेच असते. ती आता ऐंशीच्या घरात आहे, गुडघे चालत नाहीत, पण कान अजून तिखट आहेत. बाहेर पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. भावाची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती वसतिगृहातून सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, "आत्या, मी खेकडा भजी केली की पाच मिनिटांत मऊ पडतात. आज्जी भजी विकायची ना? मग मला शिकवा की."

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. कारण भावाच्या घरात भजी होत नाहीत. लग्नकार्यात कुणी आग्रह केला तरी "पित्त होतं" म्हणून तो ताट पुढे सरकवतो. त्याला पित्त कशाचे होते ते आम्हाला ठाऊक आहे, पण गेल्या चाळीस वर्षांत त्यावर आम्ही कुणी बोललो नाही.

आमचे आण्णा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आण्णांना पुन्हा कामावर बोलावणे आले नाही. नायगावच्या चाळीत एका खोलीत आम्ही सहा माणसे. काही महिने गावाकडच्या ज्वारीवर निघाले. मग आईने कानातली फुले मोडली, पंपाचा स्टोव्ह आणि मोठी कढई घेतली, आणि गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या हातगाडीवर भजी तळायला उभी राहिली.

तेव्हा आमच्यातली थोरली नववीत होती, भाऊ सातवीत, मधली पाचवीत आणि धाकटी दुसरीत. शाळेतून आल्यावर विळ्या काढून आम्ही तिघी कांद्याला बसायचो. भावाला मात्र अभ्यासासाठी गॅलरीतला कोपरा दिलेला होता. हाताचा कांद्याचा वास दुसऱ्या दिवशी वर्गातही जायचा नाही. शेजारची मुलगी बाकावर सरकून बसायची. विकायची भजी आम्हाला खायला मिळत नसत. झाऱ्यात उरलेला चुरा तेवढा आमचा. नववीचा निकाल लागला आणि थोरली पुन्हा शाळेत गेली नाही. कुणी तिला "जाऊ नको" म्हटले नाही, "जा" असेही म्हटले नाही.

असो. पुतणीला शिकवायला बसलो ते सांगतो, कारण भगिनींनो, भजी मऊ का पडतात हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे.

पहिली गोष्ट कांद्याची. मुरलेला उन्हाळी कांदा घ्यावा. चैत्र-वैशाखात निघून चाळीत साठवलेला हा कांदा पावसाळ्यात मिळतो. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या नव्या लाल कांद्यात पाणी जास्त. अर्धा किलो कांदे सोलून उभे, पातळ चिरावे आणि हाताने पाकळ्या मोकळ्या कराव्यात. तळल्यावर या पाकळ्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या वेड्यावाकड्या दिसतात, म्हणून तर हे नाव. आता यावर चमचाभर मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. मीठ कांद्यातले पाणी बाहेर ओढते. हे पाणी पिळून टाकू नये. पीठ भिजायचे ते याच पाण्यात. वरून एक थेंबही घालायचा नाही. पुतणीची चूक इथेच होती. ती भांड्यात आधी पीठ कालवायची आणि मग त्यात कांदा बुडवायची. ती झाली गोल भजी. तीही चांगलीच लागतात, पण ती खेकडा भजी नव्हेत.

मग तिखट, हळद, तळहातावर चोळलेला ओवा, मूठभर कोथिंबीर. पिठात पुन्हा मीठ घालू नये, ते कांद्यात गेलेले असते. अर्ध्या किलोला वाटीभर बेसन आणि दोन चमचे तांदळाचे पीठ पुरते. चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन. सोडा नको, सोड्याने भजी फुगतात आणि तेल पितात. पुतणी म्हणाली, "एवढंसंच पीठ?" एवढेच. कांदा पिठाने नुसता माखला पाहिजे. आईने हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. तेव्हा डाळीचे पीठ महाग आणि कांदा स्वस्त होता, म्हणून ती पीठ हात राखून घालायची. गिऱ्हाईक म्हणायचे, बाईंची भजी काय कुरकुरीत! आम्हाला ते फार उशिरा कळले.

आणखी एक. पीठ लावलेला कांदा ठेवून देऊ नये. तो पाणी सोडतच राहतो, मिश्रण सैल होते, मग बायका वरून पीठ घालतात आणि गोळे होतात. आई मीठ लावलेला कांदा परातीत ठेवायची आणि एका घाण्यापुरताच पिठात कालवायची.

कांद्याच्या बाबतीत मात्र ती हात राखत नसे. १९९८ साली कांदा एवढा भडकला की दिल्लीच्या निवडणुकीतही तो गाजला. तेव्हा कितीतरी गाड्यांवर कांद्यात कोबी मिसळू लागले. आम्हीच आईला म्हणालो, तूही घाल, तळल्यावर कुणाला कळते? ती म्हणाली, "लोकं कांद्याचे पैसे देत्यात." तिने त्या दिवसांत मुगाची भजी केली, खप निम्म्यावर आला, पण कोबी घातला नाही. भाऊ १९९४ पासून नोकरीला होता आणि गाडी बंद कर म्हणून तिच्या मागे लागला होता. तेव्हा त्या दोघांत दोन महिने बोलणे नव्हते. गाडी बंद झाली ती २००० साली, गुडघ्यांमुळे.

आता त्याच्या पित्ताचे. तो सातवीत असताना त्याचे वर्गशिक्षक एकदा गाडीवर आले. सुट्टे पैसे हवे होते म्हणून आईने त्याला हाक मारली. तो गल्लीतच होता, पण भिंतीमागे लपला. आईने पुन्हा हाक मारली नाही. गुरुजींना तिने चार भजी जास्त दिली आणि हिशेब मिटवला. त्यानंतर तिने भावाला गाडीवर कधी बोलावले नाही. आम्ही तिघी हे उभ्या उभ्या पाहत होतो. खरे सांगायचे तर आम्हाला त्याचा राग आला होता, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही कांदे चिरत असताना भाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला वास सहन होत नसेल तर बाहेर बसा." तो आत आला, सुरी घेतली आणि एक कांदा आडवा चिरायला लागला. चकत्या पडल्या. थोरलीने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. "असा नाही. उभा."

"मला कधी शिकवलंच नाही तुम्ही," तो म्हणाला.

"तुला अभ्यास होता."

यावर तो काही बोलला नाही. पुतणीने बापाकडे पाहिले, मग आत्याकडे. थोरलीने दुसरा कांदा सोलून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उभा चिरला, जाडाच, पण उभा. मग खाली मान घालून म्हणाला, "ताई, नववीला तुझा गणितात माझ्यापेक्षा जास्त नंबर होता." थोरली म्हणाली, "होता." एवढेच बोलणे झाले.

तेल मध्यम तापवावे. एक पाकळी सोडली की लगेच बुडबुड्यांसकट वर यावी. जास्त तापले तर बाहेरून करपून आत कच्ची राहतात, कमी तापले तर तेल पितात. मिश्रण मुठीने न टाकता बोटांनी विस्कटत सोडावे. कढईत गर्दी करू नये, तेल थंड पडते. सुरुवातीला मोठा आवाज होतो, तो कांद्यातले पाणी निघून जाण्याचा. आवाज बसला आणि बुडबुडे बारीक झाले की भजी झाली. आई गिऱ्हाइकाशी बोलत पाठ फिरवून उभी असायची आणि नेमक्या वेळी झारा घालायची, ती या आवाजावरून. काढलेली भजी चाळणीत पसरावीत, झाकू नयेत, वाफेने मऊ पडतात. आम्ही तेव्हा रद्दीच्या कागदात बांधून द्यायचो. छापील कागदात खाद्यपदार्थ देऊ नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आता सांगितले आहे, शाई पोटात जाते. तळणीचे तेलही आई दुसऱ्या दिवशी वापरायची. ते आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका.

पहिला घाणा कढईत असतानाच बाहेरच्या खोलीतून आईची हाक आली, "अगं, गॅस बारीक करा, करपत्यात." खरेच कडा काळपट होऊ लागल्या होत्या.

चाळणी आईपुढे नेली. भावाने भजी उचलली नाहीत, झाऱ्याला चिकटलेला चुरा बोटाने काढून तोंडात टाकला. आई त्याच्याकडे बघत होती. त्याने थोडा वेळ चावले आणि थोरलीला म्हणाला, "मीठ कमी आहे."

"दुसऱ्या घाण्याला बघू," थोरली म्हणाली, आणि पुतणीला परात जवळ घ्यायला सांगितले.