चहाडी आणि कर्तव्य

दुसऱ्याचा दोष वर कळविणाऱ्या मनुष्यास आमच्या भाषेत नावे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले एकही चांगले नाही. चहाडखोर, चुगलखोर, खबऱ्या, घरभेद्या : यांपैकी कोणते नाव आपणांस लागावे असे कोणास वाटेल? ‘शाई कोणी सांडली?’ असे मास्तरांनी विचारले असता ज्यास ठाऊक असे तोच मान खाली घालून बसे. आणि शाळेत खाली गेलेली ही मान पुढे जन्मभर सहसा वर होत नाही. पुण्यात तर या स्वभावास इतिहासाचेही पाठबळ आहे. रँडच्या वधानंतर चाफेकरांविषयी सरकारास खबर देणारे द्रविड बंधू १८९९ साली येथेच गोळ्यांस बळी पडले, आणि त्यांचे नाव या शहरात अद्याप कोणी आदराने घेत नाही. परक्या सरकारास खबर देणे म्हणजे आपल्या माणसास विकणे, हा धडा ज्या समाजाने इतक्या कठोरपणे गिरविला, त्याची जीभ स्वतःच्या सरकारापुढेही जड व्हावी यात नवल नाही.

या विचारात आम्हांस पडावे लागले ते एका खेळण्यापायी. आम्ही येरवड्यास राहतो. लोहगावच्या विमानतळावर उतरणारी विमाने आमच्या वस्तीवरून इतकी खालून जातात की, त्यांची चाके मोजावीत. समोरच्या इमारतीत आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे बिऱ्हाड आहे. त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे संगणकाच्या कंपनीत नोकरीस असलेल्या एका सुस्वभावी तरुणाने, गेल्या वर्षी ड्रोन विकत घेतला. रविवारी सकाळी गच्चीवर मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज होई, ते यंत्र भिरभिरत वर जाई, आणि पाहता पाहता ठिपक्याएवढे होऊन दिसेनासे होई. खालच्या मजल्यावरील बायकांची तक्रार निराळी होती : ते परत येताना सज्जापाशी रेंगाळते. अखेर काही मंडळी आमच्याकडे आली व पोलिसांस पाठविण्यासाठी एक अर्ज लिहून द्या, असे म्हणाली. अर्ज इंग्रजीत हवा होता, कारण आम्ही प्राध्यापक. आणि निनावी हवा होता, कारण तीही शेजारीच राहणारी माणसे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जी ड्रोनविषयक नियमावली जारी केली, ती हौशी मनुष्यास मुळीच जाचक नाही. २ किलोपर्यंतचा ड्रोन केवळ हौसेखातर उडविणारास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडले आहेत. हिरव्या भागात साधारणतः ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. नियम मोडल्यास १ लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचून ज्यांस हसू येईल त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, १९३४ च्या विमानविषयक कायद्याने विमानाच्या व्याख्येत पतंगासही जागा दिली होती. तेव्हा आकाशात सोडलेल्या वस्तूची चौकशी सरकारने आजच आरंभिली असे नाही. मात्र शेजाऱ्याची वर्दी देण्याची सक्ती कायद्याने आम्हांवर केलेली नाही. खून, दरोडा अशा भारी गुन्ह्यांची खबर देणे नागरिकास बंधनकारक आहे, ड्रोनची नव्हे. म्हणजे बोलावे की न बोलावे, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर येऊन ठेपते.

विवेकास विचारावे तर तो दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसनजीकच्या डोंगरांत भयंकर वणवा पेटला. समुद्राचे पाणी उचलून आगीवर ओतणारी विमाने कॅनडातून आली होती. एका गृहस्थास आगीचे दृश्य पाहण्याची इच्छा झाली, म्हणून त्याने वाहनतळाच्या माथ्यावरून एक चिमुकला ड्रोन सोडला. तो दोन-अडीच किलोमीटर गेला, नजरेआड झाला, आणि अशाच एका विमानाच्या पंखास धडकून त्याला भोक पाडता झाला. घरे जळत असता ते विमान काही दिवस जमिनीवर बसून राहिले. त्या गृहस्थाच्या मनात दुष्टपणा लवमात्र नव्हता. कुतूहल होते, एवढेच.

परंतु दुसरी साक्षही ऐकावी. २०१८ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याचा गवगवा झाला. सुमारे १००० उड्डाणे कोलमडली आणि १ लक्ष ४० हजार प्रवासी अडकले. पोलिसांनी जवळच राहणाऱ्या एका दांपत्यास धरले; त्यांतील पतीस अशा यंत्रांचा नाद होता, आणि ज्या वेळी ड्रोन दिसला म्हणत त्या वेळी तो आपल्या कामावर होता. दीड दिवस कोठडीत काढून ती दोघे निर्दोष सुटली, पण तोवर त्यांची छायाचित्रे देशभर छापून झाली होती. २०२० मध्ये पोलिसांस नुकसानभरपाई व खर्च मिळून २ लक्ष पौंड मोजावे लागले. खरा अपराधी कधीच सापडला नाही. आमच्याकडेही २०२४ च्या पावसाळ्याच्या आरंभी मराठवाड्यातील कित्येक खेड्यांत रात्री ड्रोन फिरतात असा बोभाटा झाला, आणि चोरांच्या भीतीने लोक हातात काठ्या घेऊन जागू लागले. अशा रात्री एखादा वाटसरू त्या वाटेने येता तर त्याची काय गत होती, याची कल्पनाच करावी.

या दोन साक्षींतून आम्हांस एक वाट दिसली. नियमभंग सगळे एका जातीचे नसतात. कागदाचा नियमभंग असेल तर तो सरकार व उडविणारा यांच्यामधला आहे. त्यात आम्ही नाक खुपसू नये. शेजाऱ्यास उपद्रव असेल तर तो शेजाऱ्याने शेजाऱ्यास तोंडावर सांगावा. पण ज्यांस आपल्यावरचे संकट ठाऊकही नाही, अशा विमानातील दोनशे जिवांस धोका असेल, तर गप्प बसण्यास सभ्यता म्हणता येत नाही. आणि चहाडी व तक्रार यांतील भेदही फारसा सूक्ष्म नाही. जे आपण त्या मनुष्यासमोर, आपले नाव घालून म्हणू शकतो ती तक्रार, बाकीची चहाडी.

म्हणून आम्ही निनावी अर्ज लिहिण्यास नकार दिला आणि समोरच्या घरी गेलो. मुलाने आदराने बसविले, चहा आणविला आणि वादही चांगला केला. “सर, याचे वजन २५० ग्रॅमदेखील नाही. शिवाय या शहरात उडवायला मोकळी जागा आहे कुठे?” त्याचा दुसरा प्रश्न अगदीच खोटा नव्हता, आणि ते आम्ही त्यास म्हटलेही. पहिल्यास उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातील विमानाची हकीकत सांगितली. तेथील यंत्रही तेवढ्याच वजनाचे होते. मग म्हणालो, “यापुढे हा वर गेलेला दिसला तर आम्ही पोलिसांस फोन करू, आमचे नाव सांगून करू, आणि करण्यापूर्वी तुला कळवू.” मुलगा गप्प राहिला. राग आला तो त्याच्या वडिलांस. “आमच्या घरात बसून आम्हांलाच पोलिसांची भीती घालता?” एवढेच ते बोलले. तेव्हापासून गच्चीवरचा आवाज बंद आहे. तीस वर्षे संध्याकाळी बरोबर फिरावयास जात होतो, तेही बंद आहे. मुलगा जिन्यात भेटला म्हणजे नमस्कार करतो. मुळशीकडे परवानगीच्या जागी जातो म्हणून त्याने आपणहून सांगितले. वडील मात्र रस्ता बदलतात. याचे दुःख आम्हांस होते, आणि ते होणार हे जातानाच ठाऊक होते.

शेजारी ओळखीचा होता म्हणून हे तरी जमले. ज्याचे घर ठाऊक नाही, ज्याचे यंत्रच तेवढे डोक्यावर दिसते, त्याचे काय? तेथे धोका दिसत असेल तर ११२ वर फोन करावा. मात्र जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे : किती वाजता, कोणत्या दिशेस, किती उंचीवर. ते कोणाचे असेल हा तर्क आपल्यापाशीच ठेवावा. गॅटविकच्या त्या दोघांची शिक्षा अशाच तर्कातून उपजली होती.