कुलूप आणि किल्ली

आमच्या अंगणात दोन गाड्या उभ्या असतात. एक तात्यांची, म्हणजे वडिलांची, पिकअप. २००९ सालची. दुसरी माझ्या चुलतभावाची भलीमोठी एसयूव्ही, २०२० चं मॉडेल. जुन्नर तालुक्यात टोमॅटो लावणाऱ्यांना २०२३ चा जुलै कसा होता ते वेगळं सांगायला नको. नारायणगावच्या बाजारात वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. त्याच पैशांतून दादाने ही एसयूव्ही सेकंडहँड घेतली. तेव्हापासून तो तात्यांच्या मागे लागलाय, "तात्या, हे खटारं काढा आता. जेव्हा बघावं तेव्हा मिस्त्रीच्या दारात!"

तात्यांचं उत्तर ठरलेलं. "तुझी कमी वेळा जाते, पण गेली की किती खाऊन येते ते सांग."

घरात इंजिनीअर मी एकटाच, त्यामुळे हिशेब माझ्याकडे आला. दोन वर्षांच्या पावत्या गोळा केल्या. मिस्त्री पावती देत नाही, त्यामुळे पिकअपचे आकडे तात्यांच्या डायरीतून घेतले. डिझेल आणि विमा बाजूला ठेवला. पिकअप अकरा वेळा गॅरेजला गेली : क्लच प्लेट, मागचे पाटे, स्टार्टर, ब्रेक लायनर, दोनदा रेडिएटर. खर्च ७४ हजार, धाव ४१ हजार किलोमीटर. एसयूव्ही चारच वेळा गेली. दोन सर्व्हिसिंग मिळून ३९ हजार, चार टायर ६४ हजार, एक हेडलाइट ३८ हजार, धुराच्या फिल्टरचं काम २७ हजार. एकूण १ लाख ६८ हजार, धाव २६ हजार किलोमीटर. किलोमीटरमागे पिकअपला एक रुपया ऐंशी पैसे, एसयूव्हीला जवळजवळ साडेसहा रुपये.

तात्या खूश झाले. पण त्यांच्या डायरीत नसलेला खर्चही मी मांडला. एकदा पहाटे साठ क्रेट भरलेली पिकअप आळेफाट्याच्या अलीकडे बंद पडली. माल दुसऱ्या दिवशी विकला गेला, क्रेटमागे पन्नास रुपये कमी. हे तीन हजार कुठल्याच पावतीवर येत नाहीत. पिकअपला एअरबॅग नाही, एबीएस नाही. आणि ती चढाला जो धूर सोडते, त्याचा खर्च मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत जमा होतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं ते याचसाठी. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर एसयूव्हीला आहे, पिकअपला नाही. मात्र तो फिल्टर साफ व्हायला इंजिन तापून काही वेळ सलग चालावं लागतं. दादाची गाडी घर ते मळा, मळा ते बाजार अशी फिरते. फिल्टर तुंबतो.

हेडलाइटची गोष्ट वेगळी. पिकअपचा दिवा गेला की तात्या दीडशे-दोनशे रुपयांचा बल्ब आणून स्वतः बसवतात. एसयूव्हीच्या एलईडी दिव्यात पाणी शिरलं, तर तो उघडताच येत नाही; अख्खा डबा बदलायचा. नवीन डबा बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला त्याची ओळख करून द्यायची, आणि ते काम फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात होणार. डबा यायलाच नऊ दिवस लागले.

इथे मला बोलणं भाग आहे, कारण माझी नोकरी याच ओळखपरेडीची आहे. मी पुण्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. बाहेरच्या यंत्राने गाडीच्या आत काही बदलायचं म्हटलं की गाडी त्याला एक आकडा देते. त्या आकड्यावरून गुप्त रीतीने दुसरा आकडा काढून परत द्यावा लागतो. उत्तर बरोबर आलं तरच दार उघडतं. हे कुलूप उगाच नाही. ते नसेल तर कुणीही मीटर मागे फिरवेल, धुराचं नियंत्रण बंद करेल, चोर नवी किल्ली बनवून घेईल. पण दिव्याचा डबा आणि धुराचं नियंत्रण एकाच दाराआड ठेवायलाच हवं, असं कुठलंही तंत्रज्ञान सांगत नाही. तो धंद्याचा निर्णय असतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याच कारणासाठी : सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढलं. आमच्या मिस्त्रीपर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही. त्याच्याकडे ऑनलाइन मागवलेला स्वस्त स्कॅनर आहे. बिघाडाचा कोड त्यात दिसतो, पुढे काही करता येत नाही.

मागच्या महिन्यात त्याने मला विचारलं, "तू कुलपं बनवतोस म्हणे. मग आम्हाला किल्ली का नाही देत?" तो चोवीस वर्षं हे काम करतोय. इंजिनचा आवाज ऐकून नोझल ओळखतो. त्याच्या मुलाने मात्र मोबाइल रिपेअरिंगचा कोर्स लावलाय. पिकअपसारख्या गाड्या संपल्या की गॅरेजही संपणार, हे त्या पोराला कळलंय.

घरातला निकाल असा लागला : पिकअप पुढच्या पासिंगपर्यंत राहणार, दादाची गाडी लांबच्या प्रवासाला आणि बायकापोरांना नेण्याआणण्यासाठी. दोघांनाही तो पटला. मिस्त्रीच्या प्रश्नाचा निकाल माझ्या हातात नाही. पण नव्या प्रकल्पात दाराचे टप्पे करा, दिवा, बॅटरी, ब्रेक पॅड यांचा टप्पा नोंदणी केलेल्या कुठल्याही गॅरेजला खुला ठेवा, असं चार पानी टिपण मी वरिष्ठांकडे दिलंय. तांत्रिक आक्षेप अजून कुणी घेतलेला नाही. सर्व्हिसच्या उत्पन्नाचं काय, एवढंच विचारलं गेलंय.